पट्टीचे कापड ही मागासलेपणाची खूण नव्हे

१/ पश्चिम आफ्रिकेला कापडाची ओळख युरोपीय व्यापाऱ्यांनी करून दिली, हा समज अजूनही रुजलेला आहे. माली देशातील बांदियागाराच्या कड्यांतील गुहा तो खोडून काढतात. तेथील दफनस्थळांत सापडलेली सुती वस्त्रे अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत मागे जातात. पोर्तुगीज जहाजे या प्रदेशाच्या किनाऱ्याला लागली ती पंधराव्या शतकात.

२/ या परंपरेतील कापड अखंड पन्ह्याचे नसते. विणकर सुमारे १० सेंटिमीटर रुंदीची लांबच लांब पट्टी विणतो. मग तिचे तुकडे करून काठाला काठ जोडून शिवले जातात. घानाचे केंटे आणि योरुबांचे आसो ओके याच घराण्यातील.

३/ रुंद माग ठाऊक नव्हता म्हणून पट्टी आली, असे कोणी म्हणेल. परंतु नायजेरियात रुंद कापडाचे उभे मागही होते आणि त्यांवर मुख्यत्वे स्त्रिया विणत. अरुंद पट्टी ही उणीव नव्हती, निवड होती.

४/ त्या निवडीमागे व्यवहार होता. हा माग सुटा करून सहज हलवता येतो. समोर दूरवर पसरलेला ताणा एका जड दगडाने ताणून धरला की काम सुरू. शिवाय ठरावीक रुंदीची पट्टी केवळ लांबीने मोजता येते, म्हणून अनेक प्रदेशांत ती चलन ठरली. सिल्ला या नगरात सुती कापड चलनात असल्याची नोंद अल-बकरीने १०६८ मध्येच केली आहे.

५/ परदेशी माल आला म्हणून हे माग थांबले नाहीत. अठराव्या शतकात असांते विणकरांनी आयात रेशमी कापड उसवून त्याचे धागे आपल्या पट्ट्यांत विणले. याला अनुकरण म्हणणे अन्यायाचे होईल. परक्या वस्तूला त्यांनी कच्चा माल मानले.

६/ खरे कौशल्य जोडणीत दिसते. शेजारच्या पट्टीशी कोणता चौकोन कोठे जुळेल, याचा हिशेब विणतानाच डोक्यात असावा लागतो.

७/ २०२४ मध्ये केंटेविणकामाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तरीही बाजारात त्याच नक्षीचे यंत्रावर छापलेले स्वस्त कापड ‘केंटे’ म्हणूनच खपते. छापील कापड वापरण्यात गैर काही नाही. पण त्याला विणकामाचे नाव देणे म्हणजे विणकराची मजुरी आणि त्याचा इतिहास, दोन्ही हिरावणे होय. यादीतील सन्मानाने माग चालत नाही. तो चालतो विणलेल्या पट्टीला योग्य दाम मिळाल्यावर.