‘घरीच तर असते!’

शेवगावला रेल्वे नाही. पुण्यातील नोकरी म्हणजे नगरमार्गे जाणारी एसटी आणि सणासुदीची भेट, असे आम्ही वर्षानुवर्षे धरून चाललो. मार्च २०२० च्या टाळेबंदीने ही समजूत मोडली. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांचे काम गावच्या माडीवरून होऊ लागले. टाटा कन्सल्टन्सीने तर त्याच वर्षी जाहीर केले की, २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून अधिक माणसे कार्यालयात लागणार नाहीत. आणि २०२३ मध्ये पुन्हा सर्वांना पाच दिवस कार्यालयात बोलावले. अन्य कंपन्यांनी काही दिवस घर, काही दिवस कार्यालय असा मधला मार्ग धरला. कंपन्यांच्या या धरसोडीवर टीका करणारे पुष्कळ आहेत. आमचे भांडण घराशी आहे.

कंपनीने मान्य केलेले काम आमच्या घरांनी मान्य केले आहे काय? मुलगा संगणकासमोर बसला की टीव्हीचा आवाज उतरतो, चहा आत पोहोचतो. सून तीच नोकरी करीत असेल, तर ‘घरीच तर असते!’ मग दळण तिचे, पाहुणे तिचे, सासऱ्यांची औषधे तिची; आणि अमेरिकेची सकाळ होते तेव्हा, जपमाळ उरकून, रात्रीची बैठकही तिचीच. पगार मात्र घराचा! यास आम्ही अन्याय म्हणतो. सौम्य शब्द आम्हांस सापडत नाही.

घरकाम ही सेवाच आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. मग त्या पुण्यात मुलाला वाटा का नको? प्रभूने मार्थेला सांगितले, त्यात मरियेला स्वयंपाकघरात पिटाळा, असे कोठेही नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात रजा सव्वीस आठवड्यांची झाली. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची वाटही ठेवली गेली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रात त्याहीपूर्वी म्हटले होते की, कामाची रचना माणसाचे कौटुंबिक जीवन जपणारी असावी. कायदा कंपनीपाशी थांबतो. उंबऱ्याच्या आत कोण बोलणार?

म्हणून विवाहपूर्व वर्गात आम्ही वरांना विचारतो : तिच्या कामाच्या वेळात तिच्या खोलीचे दार बंद राहील काय, आणि तेवढा वेळ चूल कोण पाहील? ‘आईला विचारून सांगतो,’ असे उत्तर येते.