रुग्ण घरी परतला, हिशेब बंद झाला

महाराष्ट्रातील गरीब कुटुंबांतल्या कर्करोगाच्या रुग्णांवर शासनाच्या खर्चाने उपचार होऊ लागले, ही गोष्ट लहान नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चाललेली योजना शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचे देयक रुग्णालयाला परस्पर चुकते करते. रुग्णाचा आहार आणि रुग्णालयातून घरी परतण्याचे एकवेळचे भाडेही त्या योजनेत धरले गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे मोफत उपचारांची मागणी केली, त्यांनी हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते एकवेळचे भाडे म्हणजे जणू शासनाच्या जबाबदारीची शेवटची खूण ठरली आहे. रुग्ण घरी परतला की सरकारी वही बंद होते. घरात मात्र त्याच दिवशी दुसरी वही उघडते. तिच्या जमेच्या बाजूला एक वाचलेला जीव असतो. खर्चाच्या बाजूला त्या जीवाची उडालेली झोप, सोबत्याची बुडालेली मजुरी, मुलीची सुटलेली शाळा आणि साऱ्या घराचे मनःस्वास्थ्य. ही दुसरी वही आजवर कोणत्याही अर्थसंकल्पात वाचली गेलेली नाही.

भंडारा जिल्ह्यातील, तुमसर तालुक्याच्या टोकाला मध्यप्रदेशच्या सीमेलगत असलेले बपेरा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. झाडीपट्टीतील हा मुलूख धानाचा. येथल्या रुग्णाला उपचारासाठी तुमसर आणि भंडारा ओलांडून नागपूर गाठावे लागते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याचे राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे नवे रुग्णालय आहे. तेथे भागले नाही तर तुमसर रोड स्थानकावरून मुंबईची गाडी धरायची आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात उभे राहायचे. उपचार संपले तरी या फेऱ्या संपत नाहीत. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा तपासणीला जावे लागते. प्रत्येक फेरीला दोन माणसांची मजुरी बुडते. तपासणीची तारीख रोवणीच्या दिवसांत आली, तर बांधीत उभे राहायचे की नागपूरला जायचे, हा पेच घराला पडतो; आणि ती तारीख टळली तर त्याचा घोर पुढे कित्येक रात्री पुरतो.

वैद्यकाच्या भाषेत जो रोगमुक्त झाला, तो मनाने मुक्त झालेला असतोच असे नाही. रोग उलटेल काय, ही शंका त्याच्या सोबत राहते. साधा खोकला आला, गळ्याजवळ गाठ लागल्यासारखी वाटली, तरी मन पहिल्या निदानाच्या दिवसाकडे धाव घेते. तपासणीची तारीख जवळ आली की भूक मंदावते. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा चेहरा बदलतो, उच्चार अस्पष्ट होतात, तोंड पुरते उघडत नाही. मग तो पंगतीला बसणे टाळतो, पुढे बैठकीतही येईनासा होतो. स्तनाची किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला आपले संसारातील स्थान डळमळल्यासारखे वाटते आणि ते बोलून दाखविण्याची तिला सोय नसते. त्यातच हा रोग लागट आहे, तो पूर्वकर्माचे फळ आहे, अशा समजुती अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. वेगळे ताट आणि वेगळा पेला पुढे आला की बरा झालेला माणूसही पुन्हा रोगी होतो. कुष्ठरोगाच्या बाबतीत विदर्भाने हे पाहिले आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाचा आरंभ केला, तेव्हा त्यांना रोगाबरोबरच रोग्याच्या वाट्याला येणाऱ्या बहिष्काराशीही झुंजावे लागले. औषध शरीरातील रोग घालवील, पण माणसाला त्याची जागा आणि त्याचे काम परत देणे समाजाच्याच हाती असते.

या घरांतील सर्वांत जड वस्तू म्हणजे मौन. निदान झाले की नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतात, रुग्णाला रोगाचे नाव सांगू नका. रुग्णाला बहुधा ते कळलेले असते; परंतु मुलांना धक्का बसू नये म्हणून तोही अजाण असल्याचे दाखवितो. अशा रीतीने एकाच छपराखाली सारे एकमेकांना वाचविण्यासाठी एकमेकांशी खोटे बोलत राहतात. हेतू प्रेमाचा असतो, परिणाम एकटेपणाचा होतो. उपचार यशस्वी झाले तरी हे मौन आपोआप सुटत नाही. रुग्ण भीती सांगत नाही, कारण घराने आधीच पुष्कळ सोसलेले असते. घर थकवा सांगत नाही, कारण जिवावरचे दुखणे तर रुग्णाने काढलेले असते. येथे एखाद्या जाणत्या तिऱ्हाइताची गरज असते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. पण ज्या दिवशी मन खचते, त्या दिवशी बपेऱ्याच्या माणसाला परळ आठशेहून अधिक किलोमीटर दूर असते.

रुग्णापेक्षाही दुर्लक्षित असतो तो त्याची शुश्रूषा करणारा. व्याकरणात हा शब्द पुल्लिंगी चालतो, घरात मात्र ती बहुधा स्त्रीच असते : पत्नी, सून, मुलगी. जखम धुणे, नळीतून अन्न देणे, रात्री उठणे, कागदपत्रे सांभाळणे, रांगेत उभे राहणे आणि त्यावर शेतावरची मजुरी. आजारी पडणारी स्त्री असेल तर चित्र आणखी बिकट होते. जी सगळ्यांचे करीत होती, तिचे कोणी करावयाचे हे घराला ठाऊकच नसते. मग माहेरची बहीण येते किंवा घरातील थोरली मुलगी शाळा सोडते. सीमेवरच्या गावात सोयरिकी नदीपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यात झालेल्या असतात. आईच्या दुखण्यासाठी तिकडून लेक येते, ती आपले घर उघडे टाकून. कर्करोगाच्या रुग्णाइतकाच मानसिक ताण त्याच्या निकटच्या माणसाला भोगावा लागतो, हे मानसशास्त्रीय अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. त्यात चिडचिड असते, आणि चिडल्याची टोचणीही असते. ‘हे एकदाचे संपावे’ असा विचार मनात येऊन गेला, तर ती बाई आयुष्यभर स्वतःला अपराधी मानते. तिला कोणी सांगितलेले नसते की असा विचार थकलेल्या माणसाच्या मनात येतोच आणि त्यात पाप नाही.

अपराधाची ही भावना तंबाखूच्या बाबतीत अधिकच तीव्र होते. खर्ऱ्याने विदर्भातील खेडीच्या खेडी ग्रासली आहेत. ज्याने खर्रा खाल्ला त्याला रोग झाला, म्हणजे त्याने तो ओढवून घेतला, असा निवाडा गाव देते आणि रुग्ण तो मुकाट्याने मान्य करतो. या निवाड्यात अर्धे सत्य आहे. सवय त्याची होती, परंतु सुपारी-तंबाखूचा व्यापार त्याचा नव्हता आणि त्यातला नफाही त्याच्या घरी आला नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्रा गावोगाव घोटला जातो. ज्या व्यवस्थेत नफा व्यापाऱ्याचा आणि अपराध गिऱ्हाइकाचा, तेथे रुग्णाला दोष देणे म्हणजे त्याच व्यवस्थेची वकिली करणे होय.

येथे कोणी म्हणेल की भावनांचा हा प्रदेश शासनाच्या कक्षेबाहेरचा आहे. आपल्याकडे कुटुंबसंस्था शाबूत आहे आणि आपल्या माणसाचे करणे हा आपला धर्मच आहे. कुटुंबाच्या मायेविषयी वाद नाही. परंतु माया हा भाव आहे आणि शुश्रूषा हे श्रम आहेत. रात्रपाळीच्या परिचारिकेला त्याच कामाचे वेतन मिळते, म्हणून तिची माणुसकी कमी होत नाही. ज्या श्रमाला बाजारात भाव आहे, तोच श्रम घरातील स्त्रीने केला की तो राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जात नाही. हे अर्थशास्त्राचे जुने वैगुण्य आहे आणि त्याची किंमत ती स्त्री आपल्या प्रकृतीने चुकविते. मनाचे दुखणे आणि पैशाची ओढग्रस्त या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. उद्याच्या मजुरीची चिंता ज्याला आहे, त्याला धीर धरण्याचा उपदेश पचत नाही.

शिवाय शासनाने अशी जबाबदारी कधी ओळखलीच नाही, असेही नाही. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेतील विमेदार कामगाराला कर्करोग झाल्यास, ठरावीक सेवेची अट पुरी असेल तर, वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळू शकतो. क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि २०२४ साली ती रक्कम १००० झाली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाच्या रुग्णाचा समावेश आहे. २०२३ साली ते अनुदान दरमहा १५०० रुपये झाले. परंतु त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली गेली २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १७५० रुपयांची. दोन माणसे मजुरीला जाणारे कोणते घर या मर्यादेत बसेल? आणि शुश्रूषा करणाऱ्याची दखल घेणारी एक सरकारी यंत्रणा आहे ती रेल्वे. तिने कर्करुग्णाबरोबर त्याच्या सोबत्यालाही भाड्यात सवलत दिली. रेल्वेला जे कळले, ते आरोग्य खात्याला आणि मजूर खात्याला कळू नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

जगात या विचाराला आता चार दशके होऊन गेली आहेत. फिट्झ्यू मुलन हे अमेरिकन डॉक्टर स्वतः कर्करोगातून वाचले. १९८५ साली त्यांनी एक लेख लिहून रोगनिवारणानंतरच्या काळाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले, आणि पुढच्याच वर्षी तेथे कर्करोगातून वाचलेल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. परंतु दूर जाण्याचे कारण नाही. केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारीपाजारी, शिक्षक, विद्यार्थी त्यात उतरले आणि २००८ साली राज्य शासनाने त्यासाठी धोरण स्वीकारले. तेथे स्थानिक पंचायतीच्या आधाराने परिचारिका आणि स्वयंसेवक घरी जातात. रुग्णाची विचारपूस करतात, तशीच घरच्यांचीही. १९६२ पासून जिल्हा परिषदांचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य असण्याचे कारण नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. उपचार संपलेल्या प्रत्येक कर्करुग्णाची नोंद त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी आणि शक्य त्या तपासण्या तालुक्याला व्हाव्यात. १९९६ पासून देशात राबविल्या जात असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली समुपदेशकाने ठरलेल्या दिवशी तुमसरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसावे आणि त्याने रुग्णाइतकेच सोबत्याचेही ऐकावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे. हक्क जवळ आल्याखेरीज तो हक्क राहत नाही. आशा सेविकांना या कामाचे शिक्षण द्यावे, आणि कामाबरोबर मोबदलाही वाढवावा. एका स्त्रीचा विनामोल श्रम हलका करण्यासाठी दुसरीला विनामोल राबविणे हा न्याय नव्हे. तपासणीच्या प्रत्येक फेरीला सोबत्याला किमान वेतनाइतका बुडीत मजुरी भत्ता मिळावा. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वास्तवाला धरून वाढवावी. दुष्काळाच्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्याला ही मागणी विचित्र वाटू नये. तेव्हाही हक्काला भीक म्हणणारे होतेच.

मागणी करून थांबणे मात्र पक्षाच्या कार्यकर्त्याला शोभणार नाही. हाच तो भंडारा, ज्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना लोकसभेवर पाठविले. तो वारसा निवडणुकीच्या आकड्यांत शोधण्यापेक्षा गावच्या कामात शोधावा. आपल्या गावात या रोगातून उठलेली किती घरे आहेत, याची यादी कार्यकर्त्याजवळ असावी. त्या घरी जाऊन त्याने पाणी मागून प्यावे, त्याच पेल्यातून. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चावडीवर लावावा. तपासणीच्या दिवशी एखाद्या तरुणाने सोबत नागपूरला जावे, म्हणजे घरच्या बाईला एक दिवस विश्रांती मिळेल. मराठी खेड्याला सावड माहीत आहे. ज्याची रोवणी आजारपणाने मागे पडली, त्याच्या बांधीत दहा जणांनी एक दिवस उतरणे कठीण नाही. आणि घरातील त्या न बोलणाऱ्या बाईला कोणीतरी विचारावे की तिची स्वतःची झोप होते काय. हा प्रश्न तिला बहुधा आजवर कोणी विचारलेला नसेल.