ॲक्च्युअरी व्हायचंय? मग स्टॅटिस्टिक्स घ्या, पदवीच्या नावाला भुलू नका

पनवेलहून सीएसएमटी लोकलमध्ये बसलं की पाचवं स्टेशन सीवूड्स-दारावे. स्टेशनाला लागूनच असलेल्या सीवूड्स ग्रँड सेंट्रलमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचं कार्यालय आहे. २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्यानुसार या पेशाच्या परीक्षा घेणारी हीच संस्था. विम्याचा हप्ता किती असावा, कामगारांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी आज किती पैसा बाजूला ठेवावा, याचा हिशेब मांडणारा तो ॲक्च्युअरी. एवढ्या जवळ असूनही आपल्या मोहल्ल्यात हे नाव क्वचितच कानावर येतं.

जिथे येतं, तिथे पहिला प्रश्न असतो: ‘ॲक्च्युरिअल सायन्स’ची पदवी कुठे मिळते? माझं मत स्पष्ट आहे. या नावाच्या महागड्या पदवीसाठी अम्मीचे दागिने मोडू नका. पदवीने कोणी ॲक्च्युअरी होत नाही, इन्स्टिट्यूटचे पेपर पास करून होतो. बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा देता येते. तीत गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचं वाचन, इंग्रजी आणि तर्क एवढंच विचारतात. ‘आमच्या पदवीमुळे पेपरांत सूट मिळते’ असं एखादं कॉलेज सांगत असेल, तर कोणत्या पेपरात आणि किती गुणांवर, हे आधी थेट इन्स्टिट्यूटकडे विचारा.

माझा सल्ला बीएस्सी स्टॅटिस्टिक्सचा. सुरुवातीच्या पेपरांत संभाव्यता, रिग्रेशन, चक्रवाढीचं गणित, अर्थशास्त्र आणि वित्त येतं. संख्याशास्त्राच्या पेपरांत ‘आर’ ही संगणकीय भाषा लागते, गणिताच्या पेपरांत एक्सेल. यातला कठीण भाग संभाव्यतेचा, आणि तो वर्गात शिक्षकांसमोर बसूनच नीट पचतो. अर्थशास्त्र आणि अकाउंट्स घरी पुस्तकावरून करता येतात. स्टॅटिस्टिक्स जवळ मिळत नसेल तर गणित घ्या आणि जोडीला स्टॅटिस्टिक्सचे जितके पेपर घेता येतील तितके घ्या.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. हे पेपर वर्षानुवर्षे चालतात आणि बरेच जण मध्येच थांबतात. तेव्हा हातात काय उरतं, हा मध्यमवर्गीय घराचा खरा प्रश्न आहे. स्टॅटिस्टिक्सची पदवी उरते. तिच्यावर एमएस्सी करता येतं, डेटाचं काम मिळू शकतं, यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा देता येते.

पण खरी निवड कॉलेजच्याही आधी, अकरावीच्या फॉर्मवर होते. कॉमर्सला ‘मॅथ्स की एसपी?’ आणि सायन्सला ‘मॅथ्स की बायो?’ या एका खुणेवर पुढची वाट ठरते. मुलींना तर घरातूनच सांगितलं जातं, एसपी सोपं आहे, मार्क मिळतील. मार्क मिळतात, पण बीएस्सी स्टॅटिस्टिक्सचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. मुलगी कॉमर्सला असली तरी तिला गणित सोडू देऊ नका.

आता तो प्रश्न, जो आपल्याकडे हमखास निघतो: विमा आणि सूद यांच्याशी जोडलेलं हे काम जायज आहे का? प्रश्न टाळू नये. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि निर्णय ज्याचा त्याने विचार करून घ्यावा. फक्त संपूर्ण माहिती घेऊन घ्यावा. कामगारांच्या ग्रॅच्युइटीचा हिशेबही ॲक्च्युअरीच करतो. मलेशियात १९८४ साली तकाफुलचा कायदा झाला आणि तिथल्या तकाफुल कंपन्यांनाही ॲक्च्युअरी लागतोच. हिशेबाचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारसाच्या वाटण्यांवर आहे.

मिरास, जकात, हक्क या विषयांवर आपण तावातावाने बोलतो. मात्र पेन्शन, आरोग्य विमा, पीक विमा यांचे दर ठरतात त्या टेबलावर आपली मुलं फारशी दिसत नाहीत. तिथे बसायला शिफारस लागत नाही, पेपर पास व्हावे लागतात. घरात दहावीचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर फॉर्म भरण्याआधी तिच्याशी, त्याच्याशी बोला. गणिताचा कॉलम रिकामा जाऊ देऊ नका.