स्वच्छतेत पहिला नंबर, तरी उत्तनच्या किनाऱ्यावर प्लास्टिक का येतं?

१७ जुलै २०२५ ला दिल्लीत ‘स्वच्छ सर्वेक्षण २०२४-२५’चे निकाल जाहीर झाले. ३ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांमध्ये मीरा-भाईंदरचा देशात पहिला नंबर आला. शहरभर अभिनंदनाचे फलक लागले, व्हॉट्सॲप स्टेटस झळकले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी याच शहराच्या वेशीवरून एक वाईट बातमी आली. नायगाव आणि भाईंदरच्या मधे खाडीत पाणजू नावाचं बेट आहे. तिथला एक तरुण रेल्वेच्या खाडीपुलावरून पायी जात होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी निर्माल्यातला नारळ खाडीच्या दिशेने भिरकावला. तो त्याला लागला आणि त्यात त्याचा जीव गेला.

या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. घराघरातून कचरा उचलण्यात देशात पुढे असलेल्या शहरात खाडी, कांदळवनं आणि समुद्रकिनारा मात्र प्लास्टिकने भरलेला दिसतो. दर शनिवार-रविवारी हातमोजे घालून तरुण मुलं उत्तनला जातात, गोण्या भरतात, फोटो टाकतात. पुढच्या भरतीला कचरा पुन्हा हजर. असं का होतं? आणि मग साफसफाई करून उपयोग काय?

हा कचरा येतो कुठून?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी आहे आणि पश्चिमेला अरबी समुद्र. या दोन्हींच्या मधे उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही जुनी गावं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. त्यातली बहुतेक वस्ती रेल्वेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे भाईंदर आणि मीरा रोडच्या इमारतींमध्ये. किनाऱ्यावर राहतात ते प्रामुख्याने कोळी आणि शेतकरी.

वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचं मुख. ही नदी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी मोठाली शहरं ओलांडून येते. त्यामुळे खाडीत जे वाहतं ते सगळं मीरा-भाईंदरचं नसतं. पण सगळं दुसऱ्यांचंही नसतं. शहरातले नाले शेवटी खाडीलाच मिळतात. बाजारातली पातळ पिशवी, चहाचा कप, वेफर्सचं पाकीट रस्त्यावर पडलं की पहिल्या जोरदार पावसात नाल्यात जातं, तिथून कांदळवनात आणि ओहोटीबरोबर समुद्रात. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. मोठ्या भरतीच्या लाटा हाच माल उचलून उत्तनच्या वाळूवर आणून टाकतात.

म्हणजे शहरात दोन प्रकारचा कचरा आहे. एक घंटागाडीत जाणारा. त्याचं वजन होतं, वर्गीकरण होतं, त्याला गुण मिळतात. दुसरा घंटागाडीपर्यंत पोहोचतच नाही. तो हलका असतो, वजनात नगण्य, पण पाण्यावर तरंगतो. पहिला कचरा उत्तम हाताळला म्हणून दुसरा आपोआप कमी होत नाही. स्वच्छतेचा पहिला नंबर आणि प्लास्टिकने भरलेला किनारा एकाच शहरात असू शकतात, ते त्यामुळेच.

त्याची किंमत कोण मोजतं?

उत्तनची मासेमारी बऱ्याच प्रमाणात डोल जाळ्यावर चालते. हे जाळं पिशवीसारखं असतं. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी त्यात शिरते. प्रवाहाबरोबर प्लास्टिकही शिरतं. जाळं वर ओढल्यावर मासळी वेगळी आणि पिशव्या वेगळ्या करत बसावं लागतं. जाळं फाटतं, वेळ जातो, डिझेल जळतं. ज्याने पिशवी फेकली त्याला याचा एक रुपयाही भरावा लागत नाही.

दुसरी किंमत कांदळवनं मोजतात. तिवराच्या झाडाची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात आणि त्यांच्यातून ते हवा घेतं. त्यावर प्लास्टिकचा थर बसला की झाड गुदमरतं. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचं म्हटलं आणि ती जपण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्याच निकालाने कांदळवनात राडारोडा आणि कचरा टाकण्यालाही मनाई केली. भाईंदरच्या खाडीकाठाला हे सगळं लागू आहे.

तिसरी किंमत पाणजूची. बोट नसेल तेव्हा बेटावरची माणसं पुलाच्या कडेने चालत स्टेशन गाठतात. आपल्यासाठी जे श्रद्धेने केलेलं विसर्जन असतं, ते त्यांच्यासाठी वेगात येणाऱ्या दगडासारखं असतं.

साफसफाई मोहिमांनी नेमकं काय साधतं?

या भागातलं सगळ्यात मोठं उदाहरण वर्सोव्याचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी आपल्या एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन वर्सोवा किनारा साफ करायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो लोक जोडले गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा पुरस्कार दिला. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली.

गोष्टीचा हा भाग सगळ्यांना माहीत आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. वर्सोव्याला दर पावसाळ्यात कचरा परत येतच राहिला. पुढे शाह आणि त्यांचे स्वयंसेवक किनारा सोडून वर सरकले, मिठी नदीकडे आणि तिच्या काठच्या वस्त्यांकडे. घराघरात जाऊन लोकांशी बोलू लागले. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसण्यात अर्थ नाही, हे किनाऱ्यानेच त्यांना शिकवलं असं म्हणता येईल.

मीरा-भाईंदरमध्येही उत्तनचा वेलंकनी किनारा आणि भाईंदरची कांदळवनं इथे ‘फॉर फ्यूचर इंडिया’सारख्या संस्था, महाविद्यालयांचे एनएसएस गट आणि महापालिका मोहिमा घेतात. त्यांचा उपयोग तिहेरी आहे. उचललेली पिशवी पुन्हा समुद्रात जात नाही, हा पहिला. एकदा चिखलातून पिशव्या ओढून काढलेला माणूस पुढच्या वेळी दुकानात पिशवी मागताना थबकतो, हा दुसरा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित: कचऱ्यात काय सापडलं, याची नोंद.

‘आज इतके टन कचरा उचलला’ हा आकडा बातमीला छान असतो. पण ओल्या वाळूचंही वजन त्यातच येतं. त्याऐवजी शंभर वस्तूंपैकी किती पिशव्या, किती गुटख्याच्या पुड्या, किती पाण्याच्या बाटल्या आणि कोणत्या कंपनीच्या, हे मोजलं तर चित्र बदलतं. तीच यादी पुढच्या महिन्यात पुन्हा केली तर बंदी चालते की नाही, हे कळतं.

आणि उचललेला कचरा जातो कुठे?

हा प्रश्न मोहिमेच्या फोटोत येत नाही. समुद्रातून आलेलं प्लास्टिक खारं, वाळूने माखलेलं, एकमेकांत गुंतलेलं असतं. भंगारवाल्याला त्यात रस नसतो. बाटल्या, चपला थोड्याफार वेगळ्या निघतात, उरलेलं सगळं महापालिकेच्या गाडीत जातं.

आणि शहराचा घनकचरा प्रकल्प आहे उत्तनलाच, धावगीच्या डोंगरावर. तिथल्या दुर्गंधीविरुद्ध, कचऱ्याला लागणाऱ्या आगींविरुद्ध आणि शेतात उतरणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध गावकरी अनेक वर्षं आवाज उठवत आले आहेत. म्हणजे उत्तनच्या किनाऱ्यावरून उचललेला कचरा उत्तनच्याच डोंगरावर चढतो. गावाच्या बाजूने पाहिलं तर कचरा हलला, कमी झाला नाही.

यात स्वयंसेवकांचा दोष नाही. पण एकदा वापरून फेकायची वस्तू तयारच झाली नाही, तरच ती किनाऱ्यावरूनही जाते आणि डोंगरावरूनही.

बंदी तर आहे, मग पिशवी येते कुठून?

महाराष्ट्रात २६ जुलै २००५ च्या पुरानंतर नाले तुंबवणाऱ्या पिशव्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याबाबतचा कायदा झाला. त्या कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोल वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

त्यानंतर केंद्राने १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, इअरबडच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण अशा वस्तूंवर बंदी घातली. ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवली. महाराष्ट्राचा नियम त्याहून कडक आहे. इथे हँडल असो वा नसो, प्लास्टिकच्या पिशवीलाच बंदी आहे.

मग बाजारात कोथिंबीर अजून पातळ पिशवीत का मिळते? कारणं तीन.

पहिलं, कारवाई साखळीच्या शेवटच्या टोकावर होते. भाजीवाल्याला ५ हजारांचा दंड म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. त्यामुळे असा दंड सतत लावणं कुणालाच जमत नाही. मोहीम चार दिवस चालते, पाचव्या दिवशी पिशव्या गाडीखालून वर येतात. पिशवी बनवणारा आणि घाऊक विकणारा मात्र क्वचितच सापडतो.

दुसरं, गिऱ्हाईक. पिशवी नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून उठून लोक शेजारच्या गाडीवर जातात. एकट्याने नियम पाळणाऱ्याचं नुकसान होतं. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद केलं तरच ते टिकतं.

तिसरं, सवलती आणि पळवाटा. २०१८ ची बंदी लागू झाली आणि काही दिवसांतच किराणा मालाच्या ५० मायक्रॉनपेक्षा जाड वेष्टनाला सूट मिळाली. चिप्स आणि शाम्पूच्या बहुथरी पुड्या तर बंदीच्या यादीतच नाहीत. गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्यासाठी प्लास्टिकच्या पुड्या वापरायला केंद्राच्या नियमांनी मनाई आहे, राज्यात गुटख्यावर २०१२ पासूनच बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला या पुड्या दिसतातच.

दुसरीकडे काय चाललं?

आयर्लंडने २००२ मध्ये दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर लावला. पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जात होते, म्हणून सवय बदलली.

आपल्याजवळचं उदाहरण तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याचं. जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी प्राण्यांना इजा होत होती. २०२२ पासून तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली परत दिल्यावर ते परत देण्याची पद्धत आली. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या.

महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेतही हीच कल्पना होती. दुधाची रिकामी पिशवी परत दिली तर ५० पैसे, पाण्याच्या बाटलीमागे आकारानुसार एक किंवा दोन रुपये परत मिळायचे होते. तुमच्या दूधवाल्याने शेवटचे ५० पैसे कधी परत केले, ते आठवून पाहा. कल्पना चांगली होती. ती दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचली नाही.

मीरा-भाईंदरला काय करता येईल?

महापालिकेच्या हातात तीन गोष्टी आहेत. एक, भाजीवाल्याऐवजी घाऊक पुरवठादारावर कारवाई आणि त्याची जाहीर माहिती. दोन, नाले खाडीला मिळतात त्या जागी जाळ्या आणि त्यांची पावसाळाभर सफाई. तीन, स्टेशनवरच ठळक निर्माल्य कलश, म्हणजे पिशवी लोकलमध्ये चढायच्या आधीच रिकामी होईल.

मोठ्या कार्यक्रमांसाठी नियम आधीच आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार १०० पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी घ्यायचा असेल तर तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा. मंडप, भंडारा, हळदी, राजकीय सभा, सगळ्यांना हे लागू होतं. परवानगीच्या अर्जावर ‘ताट-पेले कुठले वापरणार?’ हा एक रकाना वाढवणं अवघड नाही.

सोसायट्यांना आणखी सोपं आहे. पन्नास-शंभर स्टीलची ताटं आणि पेले सोसायटीने एकदाच घेऊन ठेवले तर वाढदिवस, सत्यनारायण, गणपती सगळं त्यावर निघतं. गल्लीतल्या भाजीवाल्यांशी सोसायटीने एकत्र बोलावं: अमुक तारखेपासून आम्ही पिशवी मागणार नाही, तुम्ही देऊ नका. मागणीच नसेल तर विक्रेत्यालाही ती विकत आणण्यात तोटा आहे.

आणि पुढच्या रविवारी उत्तनला साफसफाईला जाणार असाल, तर नक्की जा. फक्त गोणीबरोबर एक वही न्या. काय सापडलं ते लिहा आणि फोटोबरोबर ती यादीही टाका. महापालिकेला टॅग करा, पाकिटावर नाव असलेल्या कंपनीलाही करा. ‘स्वयंसेवकांनी किनारा चकाचक केला’ ही बातमी कुणालाच अडचणीची नसते. ‘बंदी असलेल्या अमुक इतक्या पिशव्या सापडल्या, त्या आल्या कुठून?’ या प्रश्नाला मात्र कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.