हाँगकाँगचे तिकीट आणि मावळतीची वेळ

हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त मुंबई-हाँगकाँग ही वाट आपल्या कित्येक घरांना नित्याची झाली आहे. अंतर सुमारे 4,300 किलोमीटर. तिकिटावरील वेळा पाहिल्या, तर जाताना आठ तास आणि येताना अवघे चार तास लागतात असे भासते. हाँगकाँगचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असल्याचा हा भ्रम. प्रत्यक्षात जाण्यास सुमारे साडेपाच तास पुरतात. परतीला मात्र, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून वाहणारे उंचावरील वेगवान वारे समोरून येतात आणि सुमारे तासभर अधिक जातो.

चौविहार पाळणाऱ्यांनी जातानाच सावध असावे. डिसेंबरात हाँगकाँगचा सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. तेव्हा मुंबईत जेमतेम सव्वातीन वाजलेले असतात! सकाळी अकराला निघालेला प्रवासी मनगटावरील मुंबईच्या वेळेवर विसंबून राहिला, तर जेवणाचा डबा न उघडताच त्याला वाटेत रात्र गाठते. जैन भोजन आगाऊ नोंदवले, तरी ते केव्हा वाढायचे हे विमानातील सेवकवर्ग ठरवतो. म्हणून विमानात चढतानाच त्यांना कारण सांगून, आपल्या घड्याळाने दोनच्या आत ताट मागून घ्यावे.