डेस्कटॉप की लॉजची खोली?

तर मंडळी, गोष्ट एप्रिल २०२३ मधली. मी फ्रीलान्सर, पण तेव्हा आठवड्यातले तीन दिवस बाणेरच्या एका ऑफिसात जाऊन कॉपी लिहायचे. शुक्रवारी संध्याकाळी आयटीचा मेल आला. विषय : अपग्रेड. असल्या मेलचं आपण जे करतो तेच मी केलं. न वाचताच बाजूला!

सोमवारी लॉगिन केलं तर डेस्कटॉप एकदम चकाचक. दिवसभर खपून ब्रोशर लिहिलं, डेस्कटॉपवर सेव्ह केलं आणि लॉगऑफ करून घरी. मंगळवारी सकाळी बघते तर... फाइल गायब! आणि दुपारी क्लायंट येणार होता.

धावत आयटीतल्या दादाकडे गेले. शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री सर्व्हरपुढे काढलेल्या, डोळे लालबुंद. ‘‘मॅडम, मेल वाचलात? तुमच्या जुन्या फाइल्स एच ड्राइव्हवर नेऊन ठेवल्यात. नवीन कामही तिथेच ठेवायचं होतं.’’ मी गप्प.

भानगड अशी, की अशा ऑफिसात टेबलावरचा कॉम्प्युटर नुसता पडदा असतो. आपलं खरं विंडोज चालतं डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर, बाकीच्यांच्या विंडोजच्या मांडीला मांडी लावून. कुणाला कुठला डेस्कटॉप द्यायचा, हे बघणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं व्हीएमवेअरचं होरायझन ७. त्याचा जनरल सपोर्ट ३० एप्रिल २०२३ ला संपणार, म्हणून होरायझन ८ वर उडी.

जुन्या पद्धतीत एका मूळ प्रतीवरून सगळ्यांचे डेस्कटॉप बनायचे, शिवाय प्रत्येकाला स्वतःची वेगळी डिस्क देता यायची. म्हणजे आपलं पुण्यातलं कॉट बेसिस! खोली सगळ्यांची, पण कपाट आपलं. आमच्या नव्या सेटअपमध्ये ही सोय गेली. आता इन्स्टंट क्लोन. तुम्ही लॉगऑफ केलं की तो डेस्कटॉप पुसला जातो आणि काही सेकंदांत नवा कोरा उभा राहतो. थोडक्यात, लॉजची खोली. चेकआउट केलं की चादर बदलली!

आयटीवाल्यांना हे सोयीचं. पॅच एकदाच, मूळ प्रतीवर टाकायचा. वेडंवाकडं काही इन्स्टॉल झालं तरी लॉगऑफबरोबर साफ. पण आपले बुकमार्क, सेटिंग्ज जपायला वेगळं प्रोफाइल सॉफ्टवेअर लावावं लागतं. आणि फाइल्स? त्या योग्य जागी ठेवणं आपल्या हातात.

आता कबुली. क्लायंटला मी ठोकून दिलं, ‘‘सर्व्हर प्रॉब्लेम.’’ बॉसनं सगळ्यांसमोर दादाला झापलं. दोन रात्री जागलेला माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. माझ्या घशाखाली डबा उतरेना. शेवटी बॉसच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. भरपूर बोलणी खाल्ली. संध्याकाळी दादा म्हणाला, ‘‘चला, कटिंग मारू.’’ पैसे मात्र मी दिले!

२०२४ मध्ये होरायझनचा मालकच बदलला, आता ते ऑम्निसाचं आहे. म्हणजे बदल होत राहणार, शुक्रवारचे मेलही येत राहणार. आला की दोस्तहो, एवढंच विचारा : लॉगऑफ केल्यावर माझं काय उरतं?

आणि हो, आधी मेल वाचा!