हार कुणाला घालायचा?

खंडेनवमीला भोसरीतल्या कारखान्यांत लेथ मशीनबरोबर हिशेबाच्या संगणकालाही झेंडूचा हार पडतो. पण हिशेब आता त्या डब्यात राहतोच असं नाही. अनेकांचा तो भाड्याच्या जागेत, म्हणजे क्लाउडवर, गेला आहे.

सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवला तो पुण्यातच. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं एक केंद्रही इथे आलं. हिंजवडीत जगभरच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं. शेजारच्या लघुउद्योजकाला मात्र ऑनलाइन जगात ढकललं ते कायद्याने: ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यवसायांमधल्या व्यवहारांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक झालं.

म्हणून या अंकात आम्ही क्लाउडकडे पाहतो आहोत ते विक्रेत्याच्या नव्हे, भाडेकरूच्या नजरेने. दरमहाचं भाडं परवडतं का? इंटरनेट गेलं तर माल गेटबाहेर कसा पडणार? आणि सेवा सोडताना आपला डेटा धड परत मिळतो का? करारातलं याबद्दलचं कलम आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

तुमचा अनुभव, बरा असो वा वाईट, आम्हाला जरूर कळवा. पण सही करण्याआधी ते कलम वाचाच.